थंड प्रदेशातलं दगडफूल आणि वाढतं तापमान : पार्श्वभूमी

येसराच्या मसाल्यासाठी तेलावर परततात ते दगडफूल म्हणजे बुरशी आणि शैवाल यांचा संसार. बुरशी घर देते, आत बसलेलं शैवाल उजेडावर साखर तयार करतं. स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ सिमोन श्वेंडेनर यांनी १८६७ मध्ये हे मांडलं, तेव्हा विल्यम नायलांडर यांच्यासारख्या त्या काळच्या मातब्बरांनी ते उडवून लावलं. आज या सगळ्या कुळाला शैवाक म्हणतात. आपल्या बाजारात येणारा बराचसा माल हिमालयातला. पण तापमानवाढीचा खरा अभ्यास झाला तो आर्क्टिक आणि अंटार्क्टिकात.

शैवाकाला मुळं नसतात आणि पाणी धरून ठेवायची सोयही नसते. हवा ओली तर ते ओलं, हवा कोरडी तर ते कोरडं. पावसाळ्यात मराठवाड्यातल्या कुठल्याही जुन्या आंब्याच्या खोडावर हे पाहता येतं. उघडीप पडली की राखाडी चट्टा नखाने खरवडल्यावर भुगा होतो. त्यावर चार थेंब पाणी टाकलं की थोड्याच वेळात हिरवा दिसू लागतो. वरचं बुरशीचं आवरण भिजून पारदर्शक होतं आणि खालचं शैवाल डोकावतं. कमाई होते ती ओल आणि उजेड एकत्र असतील तेवढाच वेळ. अंधारात ओलं राहिलं तर श्वसन चालूच राहतं आणि साठवलेली साखर खर्ची पडते. उष्मा जितका जास्त, तितका हा खर्च भराभर वाढतो. वाळलेलं शैवाक कडक ऊन सहज सोसतं. त्याला मारक ठरते ती ओली, उबदार, अंधारी अवस्था.

थंडीचं मात्र त्याला वावडं नाही. जर्मनीचे ओटो लांगे यांनी १९६५ मध्ये मोजून दाखवलं की काही जाती शून्याच्या बऱ्याच खालीही प्रकाशसंश्लेषण करतात. त्याआधीच, १९५० मध्ये, रोलंड बेशेल यांनी शैवाकाच्या संथ वाढीचा वेगळाच उपयोग सुचवला होता. खडकावरचा सर्वांत मोठा चट्टा मोजायचा आणि त्यावरून हिमनदीने तो खडक कधी उघडा टाकला हे ताडायचं. फसगत होते ती दोन शेजारचे चट्टे मिळून एक झालेले असले तर; मग खडक आहे त्यापेक्षा जुना ठरतो.

तापमानवाढीचे प्रयोग १९९० नंतर एका साच्यात आले. टुंड्रा प्रदेशातल्या संशोधकांनी मिळून आंतरराष्ट्रीय जाळं उभारलं आणि सगळीकडे एकाच पद्धतीचे षट्कोनी, तिरप्या भिंतींचे, वरून उघडे फायबरग्लासचे कठडे लावले. वारा अडतो, उन्हाची ऊब कोंडते आणि आत साधारण एक ते तीन अंश तापमान चढतं. ही सोय स्वस्त आहे, पण निर्दोष नाही. कठडा हिवाळाभर तसाच ठेवला तर आत बर्फ जास्त साचतो, आणि उन्हाळ्यात शैवाक लवकर वाळतं. त्यामुळे दिसलेला परिणाम उष्म्याचा की पाण्याचा, हे वेगळं काढावं लागतं.

हान्स कॉर्नेलिसेन आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये अशा अनेक ठिकाणचे आकडे एकत्र केले. शैवाक घटलं होतं ते मुख्यतः झुडपं आणि गवत वाढलं तिथे. थोडक्यात, उष्म्यापेक्षा सावली आणि पालापाचोळा जास्त नडला. अतिथंड, उघड्या माळावर, जिथे झुडपं फोफावत नाहीत, तिथे हे चित्र तितकं दिसलं नाही.

अंटार्क्टिक द्वीपकल्पाची गोष्ट तर उलटी. तिथे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झपाट्याने उष्मा वाढला, नंतर काही वर्षं थोडी थंडी परतली. तिथल्या लिव्हिंगस्टन बेटावर तेव्हा उन्हाळ्यातही बर्फ जास्त दिवस टिकला. त्याखाली दबलेली शैवाकं ओली आणि अंधारात राहिली, वाढ खुंटली, बरीच मेली. सरासरीत जेमतेम एका अंशाचा फरक.

आर्क्टिकात वाढत्या उष्म्याचा फटका रेनडिअर पाळणाऱ्यांना बसतो. हिवाळ्यात जनावरं बर्फ उकरून शैवाक खातात. रशियातल्या यमाल द्वीपकल्पावर नोव्हेंबर २०१३ मध्ये बर्फावर पाऊस पडला, तो गोठून कुरणांवर कठीण थर बसला. खुरांनी तो फुटेना आणि सुमारे ६१ हजार रेनडिअर उपाशी मेले. चारा थराखाली शाबूत होता. ओरबाडून संपलेल्या कुरणाचं तसं नसतं. रेनडिअरचं आवडतं शैवाक वर्षाला तीन ते पाच मिलिमीटरच वाढतं, त्यामुळे ते भरून यायला कित्येक दशकं लागतात.