एक्झॉस्ट मॅनिफोल्ड दुरुस्ती (बोट इंजिन)

सिलिंडरांतून निघणारे जळके वायू एकत्र करून सायलेन्सरकडे नेणारा बिडाचा (ओतीव लोखंडाचा) भाग म्हणजे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड. बोटीतले इंजिन बंदिस्त जागेत असते, म्हणून तिथल्या मॅनिफोल्डला दुहेरी भिंत असते. आतून ४०० ते ६०० अंश सेल्सिअसचे वायू जातात आणि भिंतींमधल्या पोकळीतून, म्हणजे जॅकेटमधून, पाणी खेळते. गंज धरतो तो बहुधा या पोकळीत. बाहेरचा रंग शाबूत असलेला मॅनिफोल्ड आतून पोखरलेला निघू शकतो.

विदर्भातील बहुतेक डोंगे हातानेच वल्हवतात. डिझेल इंजिन दिसते ते गोसीखुर्दसारख्या जलाशयांवरील प्रवासी बोटींत. पाणी गोडे असल्याने कोकणासारखी मिठाची झीज इथे होत नाही. इथला गंज उभ्या बोटीचा असतो. हंगाम संपल्यावर जॅकेट रिकामे न करता बोट काठाला ओढून ठेवली, की तळाशी साचलेल्या गाळाखाली बिडाला खड्डे पडतात. अकोला, अमरावती, बुलढाणा जिल्ह्यांतील खारपाणपट्ट्यात धोका वेगळा आहे: तिथले बोअरचे खारट पाणी बंद कूलिंगमध्ये, म्हणजे तेच पाणी फिरत राहणाऱ्या व्यवस्थेत, भरल्यास क्लोराइडमुळे बीड झपाट्याने खाल्ले जाते.

बाहेरच्या भिंतीला भोक पडले तर पाणी टपकते आणि दोष लगेच कळतो. आतली भिंत फुटणे जास्त घातक. पाणी एक्झॉस्टच्या वाटेने सिलिंडरमध्ये उतरते; पाणी दाबले जात नसल्याने स्टार्टर मारताच कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला जोडलेला दांडा, वाकू शकतो. कूलंट (इंजिन थंड ठेवणारे पाणी) घटत जाणे, गरम इंजिनातूनही पांढरी वाफ येत राहणे, ऑइल दुधाळ होणे ही याची लक्षणे आहेत. शंका असेल तर इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे भाग) काढून इंजिन आधी हाताने फिरवावे.

खोलताना खरी अडचण स्टडची, म्हणजे मॅनिफोल्ड इंजिनला धरून ठेवणाऱ्या आट्यांच्या दांड्यांची, असते. आदल्या रात्री नटांवर गंज सोडवणारे तेल सोडावे. सकाळी नट आधी किंचित आवळून मग सैल करावा. तरीही हलला नाही तर डिझेलची नळी बंद करून, बोटीच्या तळातील तेल पुसून गॅसने फक्त नट तापवावा. जोर लावून स्टड तुटलाच, तर त्याच्या टोकावर नवा नट वेल्ड करून थंड होताना फिरवावा. वेल्डिंगच्या उष्णतेने गंजाची पकड सुटते आणि बरेचसे स्टड निघून येतात.

काढलेला मॅनिफोल्ड साफ करून तोंडे प्लेट व रबराने बंद करावीत, जॅकेटमध्ये १ ते १.५ बार हवा भरून तो पाण्यात बुडवावा. बुडबुडे बाहेरच्या अंगातून आले तर दुरुस्ती शक्य आहे. वायूच्या मार्गातून आले तर नवाच बसवावा; आतल्या भिंतीपर्यंत वेल्डिंगचा रॉड पोहोचत नाही आणि शेजारचा भागही तितकाच पातळ झालेला असतो. एम-सीलसारखे (कालवून लावायचे इपॉक्सी) लेप बाहेरच्या थंड भिंतीवर काठापर्यंत पोहोचण्यापुरते ठीक, वायूच्या बाजूला ते जळून जातात.

बाहेरची चीर सांधताना दोन्ही टोकांना ३ मिमी भोक पाडावे, म्हणजे ती पुढे धावत नाही. चिरेला व्ही आकाराची खाच करून निकेल रॉडने २५ मिमीचे छोटे टाके घालावेत, प्रत्येक टाक्यावर हलकी हातोडी मारावी आणि काम झाल्यावर मॅनिफोल्ड कोरड्या राखेत पुरून सावकाश थंड होऊ द्यावा. पाणी ओतून थंड केलेले बीड टाक्याच्या कडेलाच तडकते.

वेल्डिंगने पृष्ठभाग वाकतो, म्हणून स्टीलची सरळ पट्टी आणि फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लावून पाहावे. ०.१५ मिमीपेक्षा जास्त फट असल्यास लेथवाल्याकडून फेसिंग करून, म्हणजे पृष्ठभाग सपाट कापून, घ्यावे. जुने गॅस्केट (सांध्यात बसणारी चकती) पुन्हा वापरू नये. नट मधून बाहेरच्या बाजूला, तीन फेऱ्यांत आवळावेत. ताण इंजिनच्या पुस्तिकेप्रमाणे, एम-८ (८ मिमी व्यासाच्या) स्टडला साधारण २० ते २५ न्यूटन मीटर. सांध्यावर काजळी दिसली किंवा टक-टक आवाज आला, तर वायू गळतो आहे असे समजून गॅस्केट पुन्हा तपासावे.