जुनं सॉफ्टवेअर क्लाउडवर ठेवणं आणि क्लाउडचं सॉफ्टवेअर घेणं

मशीद बंदरच्या पेढीवर किंवा अंधेरी एमआयडीसीतल्या गाळ्यात कोणी सांगितलं की "आम्ही क्लाउडवर गेलो", तर आधी विचारावं: एएमसी (सॉफ्टवेअरच्या देखभालीचे वार्षिक पैसे) अजून भरता का? उत्तर 'हो' आलं, तर बहुधा फक्त मशीन हललंय, सॉफ्टवेअर तेच आहे. विक्रेते दोन्ही गोष्टी एकाच नावाने विकतात, म्हणून घोळ होतो.

पहिल्या प्रकाराला होस्टिंग म्हणतात. डेटा सेंटरमध्ये विंडोज सर्व्हरचं एक आभासी मशीन (मोठ्या सर्व्हरचा आपल्यापुरता वेगळा काढलेला भाग) भाड्याने घ्यायचं, त्यावर आपलंच टॅली किंवा जुनं बिलिंगचं सॉफ्टवेअर टाकायचं आणि रिमोट डेस्कटॉपने, म्हणजे त्या मशीनची स्क्रीन आपल्या कॉम्प्युटरवर उघडून, लॉगिन करायचं. लायसन्स आपलं, एएमसी आपली, नवी आवृत्ती चढवायची जबाबदारीही आपलीच. दुसरा प्रकार सबस्क्रिप्शनचा. ब्राउझर उघडायचा, दर माणशी दरमहा पैसे द्यायचे. आवृत्ती विक्रेता बदलतो, डेटाबेस त्याच्याकडे असतो आणि आपल्या हातात फक्त सेटिंग्ज. (ऑफिसच्याच कॉम्प्युटरवर चालणारं सॉफ्टवेअर वार्षिक भाड्याने मिळतं, तेही सबस्क्रिप्शनच, पण त्याचा क्लाउडशी संबंध नाही.)

खर्चात हा फरक लगेच दिसतो. समजण्यापुरते आकडे घेऊ. आठ जणांचं ऑफिस, एएमसी वर्षाला ३६,०००. दीड लाखाचा सर्व्हर पाच वर्षांत विभागला तर वर्षाला ३०,०००. यूपीएसची बॅटरी, अँटिव्हायरस, येणारा-जाणारा टेक्निशियन मिळून ३५,०००. एकूण १,०१,०००. होस्टिंगला माणशी ६५० रुपये धरले तर भाडं ६२,४००, वर एएमसी तशीच: ९८,४००. सबस्क्रिप्शन माणशी ९०० रुपयांनी ८६,४००, शिवाय पहिल्या वर्षी डेटा हलवण्याचा खर्च. आता माणसं १५ करा. सबस्क्रिप्शन १,६२,००० वर जातं, होस्टिंग १,५३,००० वर, आणि स्वतःचा सर्व्हर जवळपास आधीच्या १,०१,००० वरच राहतो. म्हणजे माणसं वाढणार असतील तर आजचा स्वस्त पर्याय तीन वर्षांनी महाग पडतो. मूळ लायसन्सला दिलेले पैसे मात्र या हिशेबात धरू नयेत. ते गेले ते गेले. १८ टक्के जीएसटी दोन्हीकडे लागतो आणि नोंदणीकृत व्यापाऱ्याला त्याचं क्रेडिट साधारणपणे मिळतं, त्यामुळे त्याने निर्णय बदलत नाही.

होस्टिंगमध्ये बिघाड कुठे होतो हे कोटेशनवर लिहिलेलं नसतं. विंडोज सर्व्हरवर एका वेळी दोनच जण लॉगिन करू शकतात, तेही व्यवस्थापनाच्या कामापुरतं. जास्त जणांसाठी रिमोट डेस्कटॉपची वेगळी लायसन्स लागतात. ती नसली तरी १२० दिवसांच्या सवलतीत सगळं सुरळीत चालतं आणि मग एका सकाळी कोणालाच आत जाता येत नाही. पोर्ट ३३८९ (रिमोट डेस्कटॉपने आत यायचं दार) इंटरनेटला उघडं ठेवलं तर पासवर्ड फोडणारे प्रोग्रॅम ते शोधून काढतात, आणि रॅन्समवेअर (फाइल्स कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्रॅम) शिरायची ही नेहमीची वाट आहे. म्हणून व्हीपीएन किंवा गेटवे (फक्त आपल्याच माणसांना आत सोडणारा मधला सुरक्षित रस्ता) मागूनच घ्यावा. यूएसबी डाँगलवर (लायसन्सची किल्ली म्हणून कॉम्प्युटरला लावायच्या पेनड्राइव्हसारख्या तुकड्यावर) चालणारं सॉफ्टवेअर आभासी मशीनवर सहसा अडतं. डॉट मॅट्रिक्स आणि बारकोड प्रिंटरची चाचणी पैसे देण्याआधी करावी. आणि सॉफ्टवेअर ऑफिसात, डेटाचं फोल्डर क्लाउडवर, अशी फोड कधीच करू नये. एका नोंदीसाठी अशी सॉफ्टवेअर्स फाइल अनेकदा वाचतात. प्रत्येक वाचन इंटरनेटवरून झालं की स्क्रीन थिजते आणि मध्येच लाइन तुटली तर डेटा खराब होतो.

मग होस्टिंग करायचं कधी? सॉफ्टवेअरमध्ये दलाली, हमाली, वजनातली घट यांचे आपल्या धंद्याचे हिशेब बसवून घेतलेले आहेत, ते तयार सबस्क्रिप्शनमध्ये मिळत नाहीत, आणि सर्व्हर मात्र म्हातारा झाला आहे किंवा भिवंडीच्या गोदामातूनही त्याच खात्यांत नोंदी करायच्या आहेत. तळमजल्याच्या गाळ्यात पावसाचं पाणी शिरत असेल तर एवढं एकच कारण पुरे. वीज गेल्यावर मात्र क्लाउड ऑफिस चालवत नाही. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची वीज गेली, तसा दिवस पुन्हा आला तर डेटा शाबूत राहील, पण कामासाठी चार्ज असलेला लॅपटॉप आणि मोबाइलचं नेट लागेलच.

सबस्क्रिप्शनची वेळ वेगळी. विक्रेत्याने अपडेट देणं थांबवलं किंवा सरकारी नियम बदलले की दरवेळी पॅच मागत बसावं लागतं, तेव्हा. पाच कोटींवरच्या उलाढालीला १ ऑगस्ट २०२३ पासून बी-टू-बी (व्यापाऱ्याने व्यापाऱ्याला दिलेल्या) बिलांसाठी ई-इन्व्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल, सक्तीचं आहे. ते जुन्या सॉफ्टवेअरमधून एक्सेलमध्ये काढून पोर्टलवर चढवणारे अजून भेटतात. तिथे होस्टिंगने काही सुधारत नाही, तीच कसरत दुसऱ्या मशीनवर होते. आणि एकच जागा, एकच अकाउंटंट, चालू लायसन्स असेल तर दोन्हींच्या मागे लागू नये. रोजचा बॅकअप दोन ठिकाणी ठेवला की काम भागतं.

प्रायव्हेट लिमिटेड कंपनीला आणखी दोन बंधनं आहेत. हिशेबाच्या वह्यांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज हवा, आणि १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर हवं, ती नोंद बंद करता येता कामा नये. ॲमेझॉन आणि गूगल दोघांचे मुंबई रीजन (डेटा सेंटरचे समूह) आहेत, त्यामुळे होस्टिंगवाल्याकडून तसं लिहून घेणं अवघड नाही. सबस्क्रिप्शनवाल्याचा सर्व्हर परदेशात असेल तर रोजची प्रत भारतात कुठे पडते हे विचारावं. फक्त 'सिक्युअर' एवढंच उत्तर आलं तर पुढे जाऊ नये.

डेटा हलवायचा मुहूर्त १ एप्रिल, म्हणजे नवं आर्थिक वर्ष सुरू होताना. बिलाचा क्रमांक आर्थिक वर्षात दुसऱ्यांदा येता कामा नये आणि १६ अक्षरांपेक्षा मोठा असू नये. वर्षाच्या मध्ये हलायची वेळ आलीच तर नवी मालिका वेगळ्या अक्षराने सुरू करावी. पार्ट्या आणि मालाची मास्टर्स (मूळ याद्या) जानेवारी-फेब्रुवारीत साफ करून घ्यावीत, महिनाभर दोन्हीकडे नोंदी कराव्यात, आणि बिलवार येणी व बॅचवार साठा जुळल्याशिवाय जुनं बंद करू नये. नुसती खात्यांची शिल्लक जुळून भागत नाही. कोणत्या बिलाचे किती बाकी हे गेलं की वसुली अडते. एक्सेलमधून जाताना बदामाचा ०८०२ हा एचएसएन कोड (जीएसटीसाठी मालाचा वर्गीकरण क्रमांक) ८०२ होतो, म्हणून तो कॉलम आधी टेक्स्ट करावा. युनिकोडपूर्व फॉन्टमधली मराठी नावं नव्या सॉफ्टवेअरमध्ये अगम्य अक्षरं होऊन बसतात. ती फॉन्ट कन्व्हर्टरने बदलून डोळ्यांनी तपासावी लागतात. या एकाच कामाला दोन-तीन दिवस राखून ठेवा.

जुन्या एएमसीचं नूतनीकरण एप्रिलमध्ये येत असेल तर घाईने नाकारू नका. सरलेल्या वर्षाचं जीएसटीआर-९ (जीएसटीचं वार्षिक विवरण) ३१ डिसेंबरपर्यंत भरायचं असतं आणि त्यासाठी जुनं सॉफ्टवेअर उघडावंच लागतं. त्यानंतरही जीएसटीची कागदपत्रं वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने आणि कंपनीच्या वह्या आठ वर्षं ठेवायच्या आहेत. म्हणून लेजर, डे-बुक आणि बिलांच्या पीडीएफ व एक्सेल प्रती काढून घ्याव्यात. सबस्क्रिप्शन घेतानाही तेच: चाचणीच्या काळातच सगळा डेटा बाहेर काढून बघावा. बहुतेक ठिकाणी लेजर निघतं, पण बिलांना जोडलेल्या फाइल्स आणि बदलांची नोंद निघत नाही.