मार्क ट्वेन कर्जात कसा गेला? हार्टफर्डच्या घरखर्चाची पार्श्वभूमी

1896 च्या जानेवारीत अमेरिकन लेखक मार्क ट्वेन मुंबईत आला होता, वॉटसन हॉटेलात उतरला, नॉव्हेल्टी थिएटरमध्ये व्याख्यानं दिली, पुण्यालाही जाऊन आला, हे आपल्याकडे बऱ्याच जणांनी कुठे ना कुठे वाचलेलं असतं. पण साठी गाठलेला, खोकल्याने बेजार झालेला हा माणूस बायको आणि एका मुलीला घेऊन देशोदेशी तिकीट लावून बोलत का फिरत होता? कर्ज फेडायला. आणि कर्ज कशामुळे, तर छपाईच्या मशीनमध्ये पैसे बुडाले, असं उत्तर सगळीकडे मिळतं. ते खरंय, पण अर्धंच. उरलेलं अर्धं त्याच्या घरखर्चात आहे आणि माझ्या मते तेच जास्त समजून घेण्यासारखं आहे.

सॅम्युएल क्लेमेन्स (ट्वेनचं खरं नाव) गरिबीतून वर आलेला. बाप 1847 मध्ये गेला तेव्हा हा अकरा वर्षांचा, मग छापखान्यात उमेदवारी, नंतर मिसिसिपीवर आगबोटीचा पायलट. पायलटला महिन्याला 250 डॉलर मिळायचे, त्या काळात हा तगडा पगार. 1870 मध्ये त्याचं लग्न झालं ऑलिव्हिया लँगडनशी, म्हणजे लिव्हीशी. सासरे जर्व्हिस लँगडन कोळशाचे मोठे व्यापारी, त्यांनी लग्नात बफेलोमध्ये सगळं सामान लावलेलं घरच भेट दिलं, नोकरांसकट. तेच सासरे त्याच वर्षी वारले आणि लिव्हीला मोठा वारसा मिळाला.

त्या वारशाच्या जोरावर कनेक्टिकट राज्यातल्या हार्टफर्ड शहरातलं घर उभं राहिलं. आर्किटेक्ट एडवर्ड टकरमन पॉटर, 25 खोल्या, 1874 मध्ये मंडळी राहायला आली. नुसत्या बांधकामालाच 40 हजार डॉलरच्या वर खर्च, म्हणजे पायलटच्या पगाराची तेरा वर्षं! आणि हे तिथेच थांबलं नाही. व्हेनिसहून कोरीव काम केलेला पलंग आणला, 1881 मध्ये परत मोठी दुरुस्ती काढली, स्वयंपाकघराची बाजू वाढवली, टिफनीच्या कंपनीकडून भिंती सजवून घेतल्या. बटलर जॉर्ज ग्रिफिन (पूर्वी गुलामीत असलेला, खिडक्या पुसायला म्हणून आला आणि वर्षानुवर्षं राहिला), कोचमन पॅट्रिक मॅकअलीर, 1880 पासून मोलकरीण केटी लिअरी, शिवाय स्वयंपाकीण, मुलींना सांभाळणारी, असे सहा-सात जण कायम पगारावर. वर घोडे, कोळसा, गॅस. पाहुणे तर येतच असायचे, जेवणावळींना बदकं काय, वेगवेगळ्या आकारातलं आइस्क्रीम काय, केटीच्या आठवणींत हे सगळं आहे. हिशेब आणि नोकरमाणसं लिव्ही बघायची, तब्येत नाजूक असताना. तिचं नाव अशा लेखांत एका ओळीत उरकतात, हे मला अजिबात पटत नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. या एवढ्या महागड्या घरात त्याचं लिखाण फारसं व्हायचंच नाही! तिसऱ्या मजल्यावर बिलियर्डच्या खोलीत टेबल होतं, पण माणसं, पत्रं, बिलियर्ड, सिगार यातच दिवस जायचा. लिहिणं व्हायचं उन्हाळ्यात, न्यूयॉर्क राज्यातल्या एल्मायराजवळ मेहुणी सुझन क्रेनच्या क्वारी फार्मवर. तिने त्याच्यासाठी 1874 मध्ये टेकडीवर एक आठकोनी छोटी खोली बांधून दिली. सकाळी भरपेट नाश्ता, मग खोलीत जायचं ते संध्याकाळीच बाहेर यायचं, दुपारचं जेवण नाही, आणि रात्री घरच्यांना दिवसभराचं वाचून दाखवायचं. टॉम सॉयर, हकलबरी फिन या त्याच्या कादंबऱ्यांचा बराचसा भाग तिथलाच. म्हणजे कमाई त्या मेहुणीच्या शेतावरच्या खोलीत आणि खर्च हार्टफर्डला, असं वर्षाचं गणित होतं.

पुस्तकांचे पैसे एकदम यायचे आणि मग बराच काळ नाही, घरखर्च मात्र दर महिन्याला, त्यामुळे एकरकमी मोठा पैसा देईल असं काहीतरी त्याला सतत हवं होतं. त्यातूनच जेम्स पेजच्या, छपाईसाठी टाइप (अक्षरांचे खिळे) जुळवणाऱ्या मशीनमध्ये तो अडकला, वर्षानुवर्षं दर महिन्याला हजारो डॉलर त्यात जात राहिले, लिव्हीचा वारसाही गेला. स्वतःची प्रकाशन कंपनी काढली, 1885 मध्ये माजी अमेरिकन राष्ट्राध्यक्ष जनरल ग्रँटच्या आठवणी छापून ग्रँटच्या विधवेला 2 लाख डॉलरचा चेक दिला, पण पुढे तीही डबघाईला आली. जून 1891 मध्ये घर बंद करून सगळे युरोपात गेले कारण तिथे राहणं स्वस्त पडत होतं. एप्रिल 1894 मध्ये कंपनीचं दिवाळं निघालं.

स्टँडर्ड ऑइल या तेल कंपनीचे हेन्री रॉजर्स मदतीला आले, त्यांनी पुस्तकांचे हक्क लिव्हीच्या नावावर करून वाचवले. पण लेनदारांना पूर्ण रक्कम द्यायचीच, शेवटचा सेंटसुद्धा, हा लिव्हीचा आग्रह होता आणि जुलै 1895 मध्ये क्लीव्हलँडहून व्याख्यानांचा दौरा सुरू झाला. लिव्ही आणि मुलगी क्लारा सोबत, बाकीच्या दोन मुली सूझी आणि जीन एल्मायराला. ऑगस्ट 1896 मध्ये, दौरा संपून आईबाप इंग्लंडला पोचल्यानंतर, सूझी हार्टफर्डच्या त्याच घरात मेंदूज्वराने गेली, फक्त 24 वर्षांची. त्यानंतर हे कुटुंब तिथे राहायला परत गेलंच नाही. कर्ज 1898 मध्ये पूर्ण फिटलं. घर 1903 मध्ये विकलं, घातलेल्या पैशांपेक्षा खूपच कमी किमतीत.