एपिड्युरल स्टेरॉइड इंजेक्शन

कंबरेतून पायात किंवा मानेतून हातात उतरणाऱ्या कळेवर दिला जाणारा सुईचा उपचार. मज्जारज्जूच्या सर्वांत बाहेरच्या आवरणाला दृढतानिका म्हणतात. तिच्याभोवती चरबी आणि बारीक शिरांनी भरलेली पोकळी असते, ती एपिड्युरल पोकळी. तेथे स्टेरॉइड आणि बहुधा थोडे बधिरीकरणाचे औषध सोडतात. लोक याला ‘मणक्यातलं इंजेक्शन’ म्हणतात आणि सिझेरियनच्या भुलीलाही तेच नाव देतात, त्यामुळे गल्लत होते. सिझेरियनची नेहमीची भूल दृढतानिका भेदून आतल्या पाण्यात दिली जाते. इथे सुई दृढतानिकेच्या बाहेरच थांबवायची असते. ‘बाळंतपणात मणक्यात सुई टोचली आणि तेव्हापासून कंबर धरली’ असे घरोघरी ऐकू येते, परंतु त्या भुलीमुळे कायमची कंबरदुखी जडते असे अभ्यासांत दिसलेले नाही. या भीतीपायी उपयोगी उपचार नाकारला जातो, म्हणून हे सुरुवातीलाच सांगायला हवे.

‘गादी सरकली’ असे आपण म्हणतो, पण दोन मणक्यांमधली चकती जागेवरून सरकत नाही. तिचे बाहेरचे कडे फाटते आणि आतला मऊ गर बाहेर येतो. तो शेजारच्या चेतामुळावर, म्हणजे मज्जारज्जूतून निघणाऱ्या नसेच्या सुरुवातीच्या भागावर, दाब देतो, शिवाय त्याला रासायनिक दाहही करतो. कळ मोठ्या प्रमाणात या दाहाची असते. म्हणूनच एमआरआयवर मोठा फुगवटा असूनही काही माणसे ठणठणीत असतात, तर लहानशा फुगवट्याने एखाद्याला रात्रभर कूस बदलता येत नाही. स्टेरॉइड हा दाह शमवते. बाहेर आलेला गर ते आत ढकलत नाही. तो गर पुष्कळदा शरीरच काही महिन्यांत शोषून घेते आणि बहुतेकांची सायटिका, म्हणजे पायात उतरणारी ही कळ, 6 ते 12 आठवड्यांत उतरते. तेवढा काळ रुग्णाला झोप मिळावी, चालता यावे, व्यायाम सुरू करता यावा, यासाठी हे इंजेक्शन असते.

म्हणून रुग्णाची निवड सुईच्या कौशल्याइतकीच महत्त्वाची. नितंबापासून पोटरी किंवा पावलापर्यंत एका ठरावीक पट्ट्यात जाणारी कळ, मुंग्या आणि त्याच चेतामुळाशी जुळणारा एमआरआय असेल तर फायद्याची शक्यता चांगली. चौथ्या-पाचव्या कंबरमणक्यातील चकती सहसा पाचव्या कंबर-चेतामुळाला त्रास देते आणि पायाचा अंगठा वर उचलताना जोर कमी पडतो. त्याखालच्या चकतीने टाच उचलून चवड्यावर उभे राहणे अवघड होते. नुसती कंबर दुखत असेल आणि पायात काही उतरत नसेल, तर हे इंजेक्शन बहुधा निराशा करते. लघवी अडणे, जांघेत बधिरपणा येणे, पायाची ताकद झपाट्याने कमी होणे या खुणा दिसल्या तर इंजेक्शनची वाट न पाहता तातडीने शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो.

या पोकळीत औषध सोडण्याची कल्पना जुनी आहे. 1901 मध्ये पॅरिसमध्ये सिकार आणि कातलाँ या डॉक्टरांनी स्वतंत्रपणे त्रिकास्थीच्या, म्हणजे माकडहाडाच्या वरच्या त्रिकोणी हाडाच्या, खालच्या छिद्रातून कोकेन देऊन पाहिले; ते तेव्हा बधिरीकरणासाठी वापरत. चकतीचा गर सायटिकेच्या मुळाशी असू शकतो, हे 1934 मध्ये मिक्स्टर आणि बार या अमेरिकी शल्यचिकित्सकांनी मांडले. हायड्रोकॉर्टिसोन या स्टेरॉइडचा वापर 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला आला.

पोकळीत पोहोचण्याचे तीन मार्ग आहेत. कॉडल मार्गात सुई माकडहाडाच्या वरच्या छिद्रातून जाते. हा सोपा आणि कंबरेवर आधी शस्त्रक्रिया झालेल्यांना सोयीचा. पण औषध दुखऱ्या जागेपर्यंत चढावे म्हणून 10 ते 20 मिलि द्रव लागतो. इंटरलॅमिनार मार्गात पाठीच्या मध्यावरून दोन मणक्यांच्या फटीतून टूही सुई (टोकाला किंचित वाकलेली सुई) घालतात आणि सलाइन किंवा हवेच्या सिरिंजवर हलका दाब ठेवत पुढे सरकतात. मणक्यांना मागून जोडणारा पिवळा अस्थिबंध पार होताच तो दाब एकदम सैल पडतो. तिसऱ्या, ट्रान्सफोरामिनल मार्गात सुई चेतामूळ बाहेर पडते त्या छिद्राशी नेतात. औषध थेट दुखऱ्या चेतामुळापाशी पडते, म्हणून 2 ते 3 मिलि पुरते.

या तिसऱ्या मार्गाची कृती अशी. रुग्णाला पोटाखाली उशी देऊन पालथे झोपवतात, त्याने कंबरेची कमान सपाट होते. जंतुनाशक लावून निर्जंतुक कापड अंथरतात. सी-आर्म (हलते क्ष-किरण चित्र दाखवणारे यंत्र) तिरका फिरवला की मणक्याच्या सांध्यांची आकृती लहान कुत्र्यासारखी दिसते. तिचा ‘डोळा’ म्हणजे मणक्याचा देठ आणि त्याखाली सुईचे लक्ष्य. कातडी बधिर करून 22 किंवा 25 गेजची, साधारण 9 सेंटीमीटरची सुई त्या दिशेने सरकवतात. समोरून आणि बाजूने चित्र घेऊन खोली ठरवतात. मग आयोहेक्सॉलसारखा, क्ष-किरणात दिसणारा आयोडीनयुक्त डाय 1 ते 2 मिलि, हलते चित्र चालू ठेवून सोडतात. डाय चेतामुळाच्या कडेने पोकळीत पसरला तर जागा बरोबर. क्षणात वाहून गेला तर सुई रक्तवाहिनीत आहे. सिरिंज ओढून रक्त आले नाही एवढ्यावर विसंबणे चूक, कारण बारीक सुईत रक्त दरवेळी येत नाही. सुई टेकताच पायात झणका आला तर ती थोडी मागे घ्यावी, पुढे रेटू नये. डायचे चित्र पाहिल्याशिवाय स्टेरॉइड सोडू नये. अंदाजाने दिलेल्या कॉडल इंजेक्शनांत सराईत हातांचीही बऱ्याचदा जागा चुकते.

औषधाच्या निवडीत एक मोठा धोका दडलेला आहे. ट्रायमसिनोलोन आणि मिथाइलप्रेडनिसोलोन ही स्टेरॉइडे कणयुक्त द्राव आहेत, म्हणजे त्यांत न विरघळलेले बारीक कण असतात. ते मज्जारज्जूला रक्त पुरवणाऱ्या धमनीत गेले तर गुठळीसारखे अडकून अर्धांगवायू होऊ शकतो. मानेत मेंदूकडे जाणाऱ्या धमन्या जवळ असल्याने धोका अधिक. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड पाण्यात विरघळते, म्हणून मानेत ट्रान्सफोरामिनल मार्गाने कणयुक्त स्टेरॉइड देऊ नये आणि कंबरेतही आधी डेक्सामेथासोनच वापरून पाहावे, अशी शिफारस आहे. अशा दुर्मीळ पण गंभीर घटनांबद्दल अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2014 मध्ये इशारा दिला. त्याआधी 2012 मध्ये अमेरिकेतच बुरशीने दूषित झालेल्या मिथाइलप्रेडनिसोलोनच्या कुप्यांमुळे 750 हून अधिक लोक आजारी पडले आणि 60 हून अधिक दगावले. मणक्यात जाणाऱ्या औषधाच्या निर्जंतुकतेत तडजोड चालत नाही.

फायद्याचे माप मोजूनच सांगितले पाहिजे. 2020 च्या कोक्रेन आढाव्यात (अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या संस्थेच्या अहवालात) 25 चाचण्या एकत्र पाहिल्या असता पायाच्या वेदनेत प्लासिबोपेक्षा (दिखाऊ उपचारापेक्षा) 100 पैकी सुमारे 5 गुणांची जास्त घट दिसली, तीही अल्पकाळ. ही सरासरी आहे. रुग्ण नेमका निवडला तर आराम यापेक्षा ठळक मिळू शकतो. पाठीच्या कण्यातली पोकळ नळी अरुंद झाल्याने चालताना पाय भरून येणाऱ्यांत मात्र, 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 400 रुग्णांच्या चाचणीत, नुसत्या लिडोकेन या बधिरीकरणाच्या औषधापेक्षा स्टेरॉइड मिसळून दिल्याने सहा आठवड्यांनी फारसा फरक पडला नाही.

मधुमेहींची साखर काही दिवस वाढलेली राहते. इन्शुलिन घेणाऱ्यांनी दिवसातून अनेकदा तपासावी. रक्त पातळ करणारी औषधे डॉक्टरांना आधी सांगावीत. क्लोपिडोग्रेल सहसा 7 दिवस आणि वॉरफेरिन 5 दिवस आधी थांबवतात, पण हृदयात स्टेंट असेल तर हृदयरोगतज्ज्ञाला विचारल्याशिवाय स्वतःहून गोळी बंद करू नये. स्टेंट नुकताच बसवला असेल तर इंजेक्शनच पुढे ढकलणे शहाणपणाचे. ताप किंवा अंगात कुठेही जंतुसंसर्ग असेल, गर्भारपणाची शंका असेल, तरी थांबावे.

सुईनंतर अर्धा ते एक तास निगराणीत ठेवतात. पाय काही तास जड वाटू शकतो, म्हणून त्या दिवशी गाडी चालवू नये. लिडोकेनचा आराम काही तासांत ओसरतो आणि स्टेरॉइडचा गुण बहुधा 2 ते 7 दिवसांत येतो. मधल्या दिवसांत कळ परतली म्हणजे इंजेक्शन वाया गेले असे नाही. चेहरा लाल होणे, एकदोन रात्री झोप न लागणे, मासिक पाळी मागेपुढे होणे हे तात्पुरते असते. ‘तीन इंजेक्शनांचा कोर्स’ ठरवून देण्याला आधार नाही. पहिल्याचा गुण किती आला ते पाहून पुढचे ठरवावे आणि वर्षात 3-4 पेक्षा जास्त सहसा देऊ नयेत. बसल्यावर वाढणारी आणि आडवे होताच कमी होणारी डोकेदुखी दृढतानिकेला भोक पडल्याची खूण असते; ती विश्रांती आणि भरपूर पाण्याने उतरली नाही तर रुग्णाच्याच रक्ताचे 15 ते 20 मिलि त्या पोकळीत देऊन भोक बुजवतात. ताप, मान आखडणे, वाढत जाणारी कंबरदुखी किंवा पायाची कमी होत जाणारी ताकद यांपैकी काहीही दिसले तर रात्र असली तरी रुग्णालयात जावे, कारण पोकळीत साचलेले रक्त किंवा पू लवकर काढला नाही तर पाय कायमचे लुळे पडू शकतात.