टीएमटी : चालत्या पट्ट्यावरची हृदयतपासणी

टीएमटी म्हणजे ट्रेडमिल टेस्ट. माणूस चालत्या पट्ट्यावर चालत असताना त्याचा ईसीजी काढतात आणि हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या अरुंद झाल्या आहेत का, याचा अंदाज घेतात. धमनी बरीच अरुंद असली तरी बसल्या जागी हृदयाला रक्त पुरत राहते, म्हणून साधा ईसीजी निर्दोष येऊ शकतो. चढ चढताना मागणी वाढते, पुरवठा तोकडा पडतो आणि आलेखात एसटी रेषा, म्हणजे ठोक्याच्या उंच टोकानंतरचा सपाट भाग, खाली उतरते.

बहुतेक ठिकाणी ब्रूस पद्धत वापरतात, अमेरिकेतील डॉ. रॉबर्ट ब्रूस यांनी ती 1963 साली मांडली. दर 3 मिनिटांनी वेग आणि चढ वाढतो: आधी ताशी 2.7 किमी व 10 टक्के चढ, मग 4 किमी व 12 टक्के, पुढे 5.5 किमी व 14 टक्के. नाडी 220 वजा वय या आकड्याच्या 85 टक्क्यांपर्यंत जावी, अशी अपेक्षा असते. साठीच्या माणसाला म्हणजे मिनिटाला 136.

निकालाची अर्धी मदार तयारीवर असते. आधीचे 3 तास जेवण, चहा, विडी, तंबाखू बंद. बेळगाव जिल्ह्यातील निपाणीच्या तंबाखू पट्ट्यात हे आठवणीने, दोनदा सांगावे लागते. अथणी-निपाणीकडच्या कोल्हापुरी चपला पट्ट्यावर चालत नाहीत, टाच सुटून पाय घसरतो, बूट हवेत. साडीऐवजी सलवार किंवा पायजमा बरा. छातीवरचे केस काढून कातडी स्पिरिटने पुसली नाही, तर घामाने इलेक्ट्रोड (छातीवर चिकटवलेल्या, वायर जोडलेल्या चकत्या) सुटतात आणि रेषा इतकी थरथरते की वाचताच येत नाही. मेटोप्रोलॉल, अटेनोलॉलसारख्या गोळ्या नाडी वाढू देत नाहीत. त्या एक-दोन दिवस आधी बंद करायच्या का, हे डॉक्टरांनीच ठरवायचे; मनाने थांबवणे धोक्याचे.

खानापूरच्या डोंगरात आयुष्य चाललेला माणूसही पहिल्यांदा पट्ट्यावर चढला की समोरची दांडी घट्ट धरतो. भार हातांवर गेला की श्रम कमी होतात आणि क्षमता खोटी जास्त दिसते. नुसती बोटे टेकवायला सांगावे. दुखणे कसे सांगायचे, हेही आधीच ठरवून घ्यावे. कोणी 'छातीत कळ' म्हणतो, कोणी 'जड वाटतंय', कानडी माणूस 'एदे नोवु' म्हणतो. तंत्रज्ञाला मराठी आणि कानडी दोन्ही भाषा कळायलाच हव्यात.

आलेखाच्या कागदावर 1 मिमी म्हणजे एक लहान चौकोन. 'जे' बिंदूपासून, म्हणजे उंच टोक संपून एसटी रेषा सुरू होते तिथून, पुढे दोन चौकोनांवर, म्हणजे 80 मिलिसेकंदांनंतर, एसटी रेषा सपाट किंवा उतरती होऊन 1 मिमी वा अधिक खाली असेल, तर चाचणी पॉझिटिव्ह धरतात. वर चढत जाणाऱ्या रेषेला तेवढे वजन नाही. धोका मोजणारे ड्यूक गुण काढताना ब्रूस पद्धतीने चाललेल्या मिनिटांतून एसटीच्या मिमीची 5 पट आणि छातीदुखीच्या अंकाची 4 पट वजा करतात. कळ आलीच नाही तर हा अंक 0, आली पण चालता आले तर 1, कळीमुळे थांबावे लागले तर 2. 6 मिनिटे, 2 मिमी आणि सोसवेल अशी कळ असेल तर उणे 8, म्हणजे मध्यम धोका. 5 किंवा जास्त गुण कमी धोक्याचे, उणे 11 किंवा कमी मोठ्या धोक्याचे.

श्रम वाढत असताना रक्तदाब उतरला, घेरी आली, गंभीर अनियमित ठोके सुरू झाले किंवा एसटी वर उचलली गेली, तर पट्टा लगेच थांबवतात. डिफिब्रिलेटर (विजेचा झटका देऊन ठोके पूर्ववत करणारे यंत्र) हाताशी असल्याशिवाय चाचणी सुरूच करू नये. उतरल्यावरही किमान 6 मिनिटे वायरी काढू नयेत, कारण काहींचा दोष विश्रांतीतच उमटतो.

छातीत आत्ता, बसल्या जागी दुखत असेल, तर टीएमटी करायचीच नाही; थेट तातडीच्या विभागात जायचे. हृदयाची झडप फार अरुंद होऊन त्रास होत असेल तरीही नाही. हृदयात विद्युत संदेश नेणाऱ्या डाव्या शाखेचा अडथळा, पेसमेकर किंवा डिगॉक्सिन हे औषध चालू असेल, तर एसटीवरून निदान होत नाही. स्त्रियांमध्ये खोटा पॉझिटिव्ह निकाल जास्त आढळतो. नाडी अपेक्षित आकड्यापर्यंत गेलीच नाही, तर निकाल नॉर्मल नव्हे, अपुरा लिहावा. पूर्ण झालेली नॉर्मल चाचणीही झटका येणारच नाही असे सांगत नाही: फारशी अरुंद न झालेल्या धमनीतला चरबीचा थर फुटूनही गुठळी होते. गुडघ्यांमुळे चालवत नसेल, तर औषध देऊन स्ट्रेस इको (ताणाखालच्या हृदयाची सोनोग्राफी) किंवा धमन्यांचे सीटी करतात.