बाबांसाठी एक पुडी

"काका, बाबांनी एक पुडी मागवलीय." दहा-अकरा वर्षांचं पोरगं नोट पुढे करतं. टपरीवाला माळेतून तंबाखूची पुडी तोडतो, सोबत चुना देतो आणि सुटे नाहीत म्हणून वर एक गोळी. पाठीमागेच पाटी असते: अठरा वर्षांखालील व्यक्तीला तंबाखूजन्य पदार्थ विकणे दंडनीय गुन्हा आहे.

चुना सोबत का, याचं उत्तर रसायनशास्त्रात आहे. निकोटिन अल्कधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचं असतं, आणि चुनाही तसाच. तोंडातलं वातावरण जितकं अल्कधर्मी, तितके त्याचे जास्त रेणू विद्युतभाररहित राहतात, आणि असेच रेणू गालाच्या आतल्या त्वचेतून सहज रक्तात शिरतात. तळहातावर चुना मळणारा माणूस नकळत तेच साधत असतो. पुढे हे निकोटिन मेंदूतल्या ॲसिटिलकोलिन या निरोप पोचवणाऱ्या रसायनाच्या ग्राहींना, म्हणजे ते रसायन जिथे बसतं त्या जागांना, चिकटतं. मोह आवरायला लावणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडतच असतो, त्यामुळे शाळकरी वयातली सवय खोल रुजते.

मग विक्री रोखायची कशी? कायदे कमी नाहीत. २००३च्या तंबाखू नियंत्रण कायद्याने अल्पवयीनांना विक्री आणि शैक्षणिक संस्थेपासून १०० यार्डांच्या (सुमारे ९१ मीटर) आत विक्री, दोन्हींवर बंदी घातली. दंड २०० रुपयांपर्यंत. २०१५च्या बालन्याय कायद्यात मात्र अल्पवयीनाला तंबाखू दिल्याबद्दल ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. एकाच पुडीला दोनशे रुपये किंवा सात वर्षं! पहिली शिक्षा टपरीवाला खिशातून सहज भरेल. दुसरी इतकी जड की ऊठसूट कोणी लावणार नाही, असं मला वाटतं.

अमेरिकेत शिकागोजवळच्या वुडरिज या गावाने १९८९ मध्ये वेगळी वाट धरली. सिगारेट विकायला परवाना सक्तीचा केला. मग पोलीस अधूनमधून एखाद्या अल्पवयीन मुलाला दुकानात सिगारेट मागायला पाठवू लागले. दिली की दंड, पुन्हा दिली की परवाना काही काळ बंद. आधी अशा खेपांपैकी सुमारे ७० टक्के वेळा सिगारेट मिळत होती. दीड वर्षात हे प्रमाण ५ टक्क्यांखाली आलं. सातवी-आठवीतल्या मुलांमध्ये नियमित ओढणाऱ्यांचं प्रमाण १६ टक्क्यांवरून ५ वर आलं. शिक्षा मोठी नव्हती, पण आज पकडले जाऊ ही धास्ती रोजची होती.

इथेच थांबलो तर गोष्ट फार गोड होईल. १९९७ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या सहा गावांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथे तपासण्या कडक केलेल्या तीन गावांत चाचणीच्या वेळी ८२ टक्के विक्रेते नियम पाळताना आढळले, तरी मुलांना सिगारेट मिळणं कमी झालं नाही, ओढणंही नाही. कारण उघड आहे. शंभरातली ब्याऐंशी दुकानं बंद झाली तर पोरं उरलेल्या अठरांत जातात, आणि ती कुठली हे वर्गात सगळ्यांना ठाऊक असतं. शिवाय मोठा भाऊ, मित्र असतातच.

आपल्याकडे तर दुकान म्हणजे चार फळ्यांची टपरी, कित्येकदा चाकांवरची. शिवाय सुट्टी सिगारेट. अख्खं पाकीट शाळकरी मुलाच्या खिशाला परवडत नाही, सुट्टी परवडते, आणि पाकिटाच्या ८५ टक्के भागावरचा तो इशारा डोळ्यांसमोर येतच नाही. महाराष्ट्राने सप्टेंबर २०२० मध्ये सुट्ट्या सिगारेट-विडीच्या विक्रीवर बंदी आणली. टपरीला टांगलेली पेटती सुतळी अजून दिसते. ती पाकीटवाल्यासाठी नसते. २०१७ मध्ये केंद्राने राज्यांना सुचवलं की तंबाखूविक्रीला स्थानिक संस्थेचा परवाना हवा आणि त्याच दुकानात बिस्किटं, चॉकलेटं, वेफर्स नकोत. मला ही सूचना सगळ्यांत शहाणी वाटते, कारण पोरगं टपरीवर पहिल्यांदा जातं ते गोळीसाठी.

अशा चाचण्यांत मुलाने वयाबद्दल खोटं बोलायचं नाही, सरळ मागायचं, असा दंडक असतो. आपल्या गल्लीत चाचणी घ्यायची तर त्याला आणखी एक वाक्य शिकवावं लागेल: "बाबांनी मागवलीय." कायद्यात बाबांसाठी सूट नाही. मूल अठराच्या आतलं असेल, तर पुडी कोणासाठी नेतंय याने फरक पडत नाही.