पांढरं दिसलं म्हणून फवारू नका : माव्यावर वाढलेले बारके ढालकिडे कसे ओळखायचे

शेतकरी बंधू-भगिनींनो,

करडईवर मावा आला, ज्वारीवर चिकटा पडला की आमच्या दुकानात फांद्या अन् पानं यायला लागतात. दर हंगामात त्यात एखादी फांदी अशी असतेच, की माव्याच्या गर्दीत कापसाच्या पुंजक्यासारखे पांढरे ठिपके चिकटलेले. आणणारा म्हणतो, "पिठ्या ढेकूण पडलाय, औषध द्या." अशा वेळी आम्ही आधी काडीनं तो ठिपका हलवून पाहायला सांगतो. तो झटकन चालू लागला आणि पुढ्यातला मावा धरून खाऊ लागला, तर ती ढालकिड्याची, म्हणजे मावा खाणाऱ्या लेडीबर्ड भुंग्याची, अळी आहे. अंगावरचं पांढरं म्हणजे तिनंच तयार केलेलं मेण. पिठ्या ढेकूण झाडात सोंड खुपसून रस ओढत बसतो. हलला तरी अगदी मंद.

पक्की खात्री करायची तर अळी वाढवून पाहा. काचेची छोटी बरणी, तोंडाला मलमलचं फडकं, आत माव्यानं भरलेला शेंडा. शेंडा रोज बदला. एका बरणीत एकच अळी ठेवा, खाणं कमी पडलं तर या अळ्या एकमेकींना खातात. पुढं ती पानाला शेपटीकडून चिकटते आणि कोष होतो. उन्हाळ्यात तो चार-पाच दिवसांत फुटतो, थंडीत जास्त दिवस घेतो.

इथं घाई नडते. नुकताच निघालेला ढालकिडा फिकट आणि मऊ असतो. ठिपके असणाऱ्या जातींतही ते काही तासांनी उमटतात, आणि खरा रंग भरायला त्याहून जास्त वेळ लागतो. म्हणून निदान दोन दिवस त्याला मावा घालून जगवा, मगच बघा.

मेणाच्या अळीतून दोन मिलिमीटरच्या आसपासचा, तपकिरी किंवा काळपट, अंगावर बारीक लव असलेला किडा निघाला तर तो बहुधा सिम्नस गटातला. नेमकी जात मात्र पाठीच्या रंगावरून सांगता येत नाही. त्यासाठी नराचे जननावयव सूक्ष्मदर्शकाखाली तपासावे लागतात, म्हणून आम्हीही गटाच्या नावावरच थांबतो. त्याहून थोडा मोठा, पिवळसर पाठीवर तीन उभ्या काळ्या रेघा असलेला, तो ब्रुमस. काळी पाठ, पण डोकं आणि पाठीचं मागचं टोक नारिंगी असेल तर क्रिप्टोलेमस. हा मूळचा ऑस्ट्रेलियाचा, 1898 साली भारतात आणलेला, आणि त्याचं मुख्य खाणं पिठ्या ढेकूण. त्याचीही अळी पांढरी मेणाळ असते, पण वाढल्यावर सेंटिमीटरभर लांब होते. नागमोडी काळ्या रेघांचा सहा ठिपक्यांचा आणि लाल पाठीवर सात ठिपक्यांचा ढालकिडा तर तुमच्या रोजच्या ओळखीचे. त्यांच्या अळ्या काळपट, लांबट, मेणाशिवाय.

एक खूण फसवी आहे. "लव असली की वांग्यावरचा," असं पुष्कळ जण धरून चालतात. वांग्याची पानं जाळीदार करणाऱ्या भुंग्याला लव असते हे खरं, पण तो सिम्नसच्या तिप्पट मोठा, तांबूस, पाठीवर पुष्कळ काळे ठिपके असलेला. त्याची अळी पिवळी, काटेरी, आणि ती माव्याकडे ढुंकूनही पाहत नाही, पानच खरवडते. शंका आली तर अळीनं काय खाल्लं ते आठवा.

कधी कोषाला भोक पडून बारीक काळसर गांधीलमाशीसारखे जीव बाहेर येतात. ते ढालकिड्यावरचे परजीवी. तुमच्या सांभाळण्यात काही चुकलं असं समजू नका, दुसरी अळी घ्या.

दुकानात आणताना किडा बंद डबीत, सोबत रिकामा कोष आणि अळीची गळलेली कातही आणा. पुष्कळदा तीच जास्त सांगते. चिठ्ठीवर पीक, गाव आणि तारीख लिहा. भिंगाखाली बघून देण्याचे पैसे आम्ही घेत नाही. आणि उत्तर मिळेपर्यंत त्या वावरात पंप नेऊ नका.